कांद्याचा पापुद्रा

"तो ठोकळा खाली ठेवा, ताई."

प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टर, मॅडम, दारातच उभ्या होत्या. ताईंच्या चिमटीत मेणाचा छोटासा चौकोनी ठोकळा होता आणि त्याच्या पोटात तुटक्या दोऱ्यांसारखे तीन पांढुरके तुकडे. ठोकळ्याच्या कडेला पेन्सिलीने आकडा लिहिला होता. इस्पितळाच्या त्या प्रयोगशाळेत नावं येत नसत, आकडे येत. हा आकडा मात्र ताईंनी काल सकाळी स्वतःच्याच हाताने वहीत चढवला होता, स्वतःच्याच छातीतून काढलेल्या तुकड्याच्या डबीसाठी.

"ठेवते की. कापून झाला की ठेवते."

"मी गंमत करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय? मॅडम, मी नाही कापला तर हा घाईबाईंकडे जाणार. त्यांच्या हातचा काप म्हणजे गोधडी. मग तुम्ही म्हणणार, नीट दिसत नाही, दुसरा तुकडा मागवा. म्हणजे मी पुन्हा सुई टोचून घ्यायला जाऊ?"

"ऐकू येतंय हो मला," पलीकडच्या टेबलावरून घाईबाई म्हणाल्या. त्या दुसऱ्या टेक्निशियन. सगळं काम झपाट्याने उरकत, म्हणून त्यांचं हे नाव पडलं होतं आणि त्यांनी ते केव्हाच मान्य केलं होतं.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

मॅडम हाताची घडी घालून तिथेच उभ्या राहिल्या. त्याचा अर्थ परवानगी असाच घ्यायचा, हे ताईंना चोवीस वर्षांच्या सहवासाने माहीत होतं.

काम सांगायला सोपं आहे. कुणाच्या शरीरातून काढलेली गाठ किंवा सुईने ओढलेला तुकडा डबीतून येतो. रात्रभर मशीनमध्ये राहून तो मेणात मुरतो. सकाळी त्या मेणाच्या ठोकळ्याचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर काप घ्यायचे, केसाच्या विसाव्या भागाइतके पातळ. चाक फिरवलं की ठोकळा पात्यावरून खाली येतो आणि एकाला एक चिकटलेल्या कापांची पट्टी निघत जाते. ती ब्रशच्या टोकाने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर अलगद झेलायची. मग रंग, आणि मग मॅडमचं सूक्ष्मदर्शक. त्या काचेवर काय दिसतं त्यावर एका माणसाचं आणि त्याच्या घराचं पुढचं सगळं ठरतं. काप जाड आला, फाटला, दुमडला, तर डॉक्टरला दिसायला हवं ते दिसत नाही. म्हणून ताई पातळ कापत. इतकं पातळ कापणारं दुसरं कुणी मॅडमनी पाहिलेलं नव्हतं.

ताईंचा आणखी एक नेम होता आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता. प्रत्येक डबी हातात घेतली की झाकण उघडण्याआधी त्या मनात एकदा देवाचं नाव घेत, त्या आकड्यामागच्या अनोळखी माणसासाठी. दिवसाला तीस डब्या तर तीस वेळा. आणि या नामस्मरणात स्वतःसाठी काही मागायचं नाही, हा त्या नेमाचा दुसरा भाग. काल स्वतःची डबी हातात आली तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. मग ओठ मिटूनच त्यांनी झाकण उघडलं.

आताही त्यांनी फक्त चाक फिरवलं. पट्टी निघाली, एकसारखी, दुधावरच्या सायीसारखी. पाण्यावर गेली आणि पसरली.

दुपारी मॅडमनी आत बोलावलं. समोरासमोर बसून दोघांना एकाच वेळी बघता येईल असं सूक्ष्मदर्शक होतं. ताईंनी डोळा लावला. गुलाबी रानात निळ्या ठिपक्यांचे घोळके, रांग मोडून जिकडेतिकडे घुसलेले. ताई डॉक्टर नव्हत्या, पण चोवीस वर्षं त्या आंधळ्याही नव्हत्या.

"आहे ना?"

"आहे," मॅडम म्हणाल्या.

"काप कसा आलाय?"

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "पुस्तकात छापावा असा."

"मग झालं तर," ताई म्हणाल्या.

घरी त्यांनी जेवण होईपर्यंत सांगितलं नाही. उपाशी पोटी कुणी वाईट बातमी ऐकू नये असं त्यांचं मत. त्यांच्याशिवाय घरात माणसं तीनच. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारे यजमान, कॉलेजात जाणारी लेक, आणि सासूबाई. ताटं उचलायच्या आधी त्यांनी सांगून टाकलं, जसा आकडा वाचून दाखवावा तसं. छातीतली गाठ कुठल्या बाजूला, केवढी, पुढे काय.

यजमानांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता पुन्हा ठेवला. लेक रडायच्या बेतात होती.

"काढून टाकणार म्हणजे सगळंच?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई. डावीकडचं."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "हिला पाजून झालं, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून बसूनच होतं ते. आता रीतसर निवृत्त होतंय असं समज."

"आजी!" लेक ओरडली.

"काय आजी? खोटं बोलले का?"

ताईंना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते कशाचं पाणी हे कुणी विचारलं नाही. "एक निवृत्त," त्या म्हणाल्या, "एक अजून सेवेत."

"सेवेतल्यावर कामाचा ताण येईल," यजमान हळूच म्हणाले. हे त्यांचं त्या संध्याकाळचं पहिलं वाक्य. त्यांचा आवाज फाटला होता, पण विनोद पुरा झाला.

शस्त्रक्रिया झाली. काढलेलं सगळं कुठल्या टेबलावर जाणार, हे ताईंना माहीत होतंच. शुद्ध आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला कागद-पेन्सिल आणायला लावली आणि चिठ्ठी खाली प्रयोगशाळेत पाठवली. 'जाड कापू नका. पाणी फार गरम ठेवू नका. कडांचे काप आधी.' कडेला रोग नसला म्हणजे सगळं निघालं असा त्याचा अर्थ, म्हणून कडा महत्त्वाच्या.

चौथ्या दिवशी घाईबाई स्वतःच वर आल्या. खुर्ची ओढून बसल्या, चादरीची घडी उगाच नीट करत राहिल्या. ताई घाबरल्या.

"काय झालं? कडेला आहे?"

"कडा स्वच्छ आहेत. काखेतल्या दोन गाठींत सापडलंय, त्यासाठी औषधं घ्यावी लागतील. ते मॅडम सांगतील." घाईबाईंनी हात पुढे करून बघितले. "ताई, दोन दिवस लावले मी तुमच्यावर. दोन दिवस! जन्मात एवढी सावकाश मी नवऱ्याशीसुद्धा बोलले नाही."

"मग काप कसे आले?"

"गोधडी नाही आली," घाईबाई म्हणाल्या आणि ताईंच्या उशीवर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या. ताईंना उजव्या हाताने त्यांची पाठ थोपटत बसावं लागलं.

मग औषधं सुरू झाली, शिरेतून थेंबथेंब जाणारी. पहिल्याच दिवशी अडचण आली. ताई सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नसत, आणि इस्पितळाने तर सातच्या आत खाऊन निघायला सांगितलेलं.

"मग प्रार्थना साडेपाचला," सासूबाई म्हणाल्या. "देव काय झोपून असतो? झोपला असेल तर त्यालाही उठव. माझ्याबरोबर तोही चहा घेईल."

केस गेले तेव्हा यजमानांनी दुकानातून दोन बाजूंचा आरसा आणला. स्वतःचं टक्कल आणि ताईंचं डोकं आरशात शेजारीशेजारी धरून म्हणाले, "मी या मंडळात वीस वर्षं एकटाच होतो. सभासद वाढत नव्हते."

"वर्गणी काय तुमच्या मंडळाची?"

"तेलाची बचत."

लेकीने रुमाल बांधायचे चौदा प्रकार शिकून घेतले. ताई उलट्या करून आल्या की सासूबाई दारात उभ्याच असायच्या, "काय गं, काही उरलं का आत?" असं विचारायच्या आणि ओला टॉवेल पुढे करायच्या. शेजारच्या बायका भेटायला येऊन गंभीर तोंड करून बसत. ताईंना आत ऐकू यायचं, सासूबाई त्यांना सांगतायत, "तिच्यासमोर रडायचं असेल तर आधी माझी परवानगी काढायची."

असं सगळं चाललं होतं. ताई हसत होत्या आणि घर त्यांच्याबरोबर हसत होतं. अडलं ते औषधाचा दुसरा प्रकार सुरू झाल्यावर.

आधी ब्लाउजचं बटण लागेना. मग चहाचा कप गरम आहे हे ओठाला लागल्यावरच कळायला लागलं. बोटांच्या टोकांवर कुणी जाड मोजे चढवल्यासारखं झालं. औषधामुळे होतं असं, डॉक्टर म्हणाले. वर्षभरात बरंचसं परत येईल, कदाचित सगळं येणारही नाही.

मॅडम घरी आल्या. फळं आणली, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि जाताना दारात म्हणाल्या, "ताई, परत आलात की वहीचं टेबल घ्या. आकडे चढवायचे, डब्या लावायच्या. पात्याजवळ नको. वस्तऱ्याच्या वर धार असते त्याला. बोट कापलं तर तुम्हाला रक्त दिसल्यावर कळेल."

"बरं," ताई म्हणाल्या.

त्यानंतर दोन दिवस त्यांनी एकही विनोद केला नाही. यजमान टकलावर हात फिरवून दाखवत होते, लेक घाईबाईंची नक्कल करत होती, पण ताई नुसतं बघायच्या. घर धास्तावलं. त्या रडल्या असत्या, चिडल्या असत्या, तर चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात सासूबाई कांदा सोलत होत्या. ताई समोर बसल्या होत्या.

"काय मनात आहे ते ओक एकदा," सासूबाई म्हणाल्या. "औषधाने रोज ओकतेस, हे का अडलंय?"

"आई, मला दुसरं काही येत नाही हो." ताई बोटांकडे बघत होत्या. "स्वयंपाक तुमच्याइतका येत नाही. चारचौघांत बोलता येत नाही. एक पातळ कापता येत होतं. छाती गेली, केस गेले, त्याचं मला काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, वाटलं, पण चाललं. हे गेलं तर मी कोण मग? डब्या लावणारी बाई."

"देवाला सांगितलंस का?"

तेव्हा ताईंनी पहिल्यांदा आपला नेम कुणाला तरी सांगितला. स्वतःसाठी मागायचं नाही, म्हणून डबी हातात आली त्या दिवसापासून त्यांनी मागितलं नव्हतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीही नाही.

सासूबाई ऐकत राहिल्या. मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "बरोबर आहे. नेम मोडू नकोस. तू मागूच नकोस. मी मागते. मला कुठे काय नेम आहे?"

ताईंनी टेबलावरची सालं गोळा केली.

"आणि आता मला सांग, ते काम असतं कसं? नुसतं पातळ पातळ ऐकतेय इतकी वर्षं. दाखव," सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी इकडेतिकडे बघितलं. कांद्याच्या दोन पाकळ्यांच्या मध्ये एक पापुद्रा असतो, पारदर्शक, ओला, हात लावताच गोळा होणारा. त्यांनी तो सोलायचा प्रयत्न केला. फाटला. दुसरा फाटला. तिसरा निघाला, पण पसरट ताटलीत कोमट पाणी घेऊन त्यावर सोडताना बोटालाच चिकटून बसला, आणि चिकटलाय हे ताईंना कळलंच नाही. त्या पाण्यात शोधत राहिल्या.

"बोटावर आहे," सासूबाई म्हणाल्या. "सरक जरा."

त्यांनी खुर्ची पुढे घेतली. दोन्ही कोपरं टेबलावर रोवली. डावं मनगट ताटलीच्या काठाला टेकवलं, उजव्या हाताचं मनगट डाव्यावर. मग श्वास धरून, बोटांवरची नजर एकदाही न हलवता, पापुद्रा सोलला आणि पाण्यावर सोडला. तो पसरला. एक टोकसुद्धा दुमडलं नाही.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"माझ्या बोटांना अकरा वर्षं झाली काही कळत नाही," सासूबाई सहज म्हणाल्या. "साखरेने गेली ती. पहिल्यांदा बधिर झाली तेव्हा मी पण दोन दिवस तुझ्यासारखीच बसून होते. तुम्हाला वाटलं, म्हातारी कशावर तरी रुसली."

"अकरा वर्षं? आणि बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तू माझ्या हातातली सुरी काढून घेतली असतीस. म्हणाली असतीस, आई, तुम्ही नुसत्या शेंगा निवडा." त्यांनी सुरी उचलली. "बोटांवर विसंबायचं सोडून दे. ती आता पाहुणी आहेत. काम मनगटाचं, कोपराचं आणि डोळ्याचं. हात कुठे आहे ते बघितल्याशिवाय हलवायचाच नाही. आणि घाई केलीस तर गेलीस."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कांदा, कोमट पाण्याची ताटली आणि काचा. काचा यजमानांनी दुकानातून आणल्या, धारा घासून, बरोबर स्लाइडच्या मापाच्या. चौघंही बसत. यजमानांचे पापुद्रे नेहमी गुंडाळत. "इतकी वर्षं काच घासतो, पण कांदा माझं ऐकत नाही," ते म्हणत. लेकीला पाण्यावर सोडता यायचं, झेलता यायचं नाही. सासूबाई पहिल्या. ताई आठवडाभर सगळ्यांत शेवटच्या, मग यजमानांच्या पुढे, मग लेकीच्या. भाज्यांत कांदा इतका पडायला लागला की खालच्या मजल्यावरच्या बाईने विचारलं, घाऊक आणलात का?

एकदा ताईंच्या बोटाला काच लागली आणि काठावर रक्त आलं. ताईंनी बोट धुतलं, पट्टी बांधली, पुन्हा कोपरं टेकवली.

"बघितलं नव्हतंस," सासूबाई म्हणाल्या.

"नव्हतं बघितलं," ताईंनी मान्य केलं.

औषधं संपली. किरणांचे दिवस संपले. डोक्यावर बोटभर केस आले, लहान मुलासारखे कुरळे. कामावर रुजू व्हायच्या दिवशी ताई वहीच्या टेबलावर बसल्या नाहीत. सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या.

"एक सकाळ द्या. तुम्ही उभ्या राहून बघा. एकदा जरी माझा हात पात्याकडे न बघता गेला, तर मी स्वतः उठून वहीपाशी जाईन. पुन्हा विषय काढणार नाही."

मॅडमनी कपाटाचा खण उघडला. "सरावाचा ठोकळा देते," त्या म्हणाल्या. "कुणा पेशंटचा नाही."

"तेच म्हणणार होते."

यंत्राच्या चाकाला एक कडी असते, ती अडकवली की चाक फिरत नाही. पात्यावर एक झाकण असतं. प्रत्येक वेळी ठोकळा लावण्याआधी चाक अडकवायचं, पातं झाकायचं, असं यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं आहे आणि घाईत असलेला कुणीही ते करत नाही. ताईंनीही चोवीस वर्षांत केलं नव्हतं.

त्यांनी चाक अडकवलं. अडकलं का ते वाकून बघितलं. पात्यावर झाकण घातलं. ठोकळा लावला. मनगट टेकवलं. झाकण काढलं, कडी सोडली आणि चाक फिरवलं. पट्टी अर्ध्यात तुटली.

पुन्हा कडी, पुन्हा झाकण. दुसरी पट्टी पाण्यावर जाताना दुमडली. मॅडमनी पाय बदलला. घाईबाई आपलं काम सोडून मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

ताईंनी कपाळावरचा घाम बाहीने पुसला. पाण्याला हात लावून काही कळणार नव्हतं, म्हणून थर्मामीटर घालून बघितलं. दोन अंश जास्त होतं. थंड पाणी ओतलं आणि थांबल्या. पुरती पाच मिनिटं त्या हात मांडीवर ठेवून थर्मामीटरकडे बघत बसल्या, आणि त्या पाच मिनिटांत कुणी त्यांना आवरा म्हणालं नाही.

कडी. झाकण. ठोकळा. मनगट.

पट्टी निघाली. ब्रशच्या टोकावर ती आहे हे ताईंच्या बोटांना कळलं नाही. त्यांनी ती डोळ्यांनी धरून ठेवली, पाण्यापर्यंत नेली आणि सोडली. मग काच तिरकी खाली घातली आणि वर घेतली.

मॅडमनी काच हातात घेतली, खिडकीच्या उजेडात धरली. रंगवायला नेली. तासाभराने परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात काच नव्हती, मेणाच्या ठोकळ्यांचा ट्रे होता. प्रत्येकावर पेन्सिलीचा आकडा. एकूण बारा ठोकळे. तो त्यांनी ताईंच्या टेबलावर ठेवला.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत?" मॅडमनी विचारलं.

पूर्वी एवढे ठोकळे ताईंनी सकाळचा चहा थंड व्हायच्या आत कापले असते.

"संध्याकाळपर्यंत," त्या म्हणाल्या.

"चालेल," मॅडम म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. या वेळी बघायला थांबल्या नाहीत.

ताईंनी ट्रे जवळ ओढला आणि चाक अडकवलं.